अंदाज कसा बांधावा : बिद्रीच्या शिवारातले कानमंत्र

बाळ, शेती आता तुझ्या हाती येते आहे. बियाणं, खत, औषध यांचं तुला दुकानदार सांगेल, कृषी सहायक सांगेल, मोबाइल सांगेल. मला तुझ्या कानात एकच गोष्ट घालायची आहे. पुढं काय होणार याचा अंदाज बांधायचा कसा, आणि बांधलेल्या अंदाजावर भार किती टाकायचा.

आपल्या बिद्रीला हे शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचं हे गाव, आणि सगळा मुलूख दूधगंगा-वेदगंगेचा. पश्चिमेला राधानगरी-भुदरगडचे डोंगर. पाऊस तिथं कोसळतो, पाणी आपल्याकडं येतं. आज आडसाली लागण केली तर तिचा पैसा दीड वर्षानं दिसतो. भात टाकायचं पाऊस येण्याआधी, सोयाबीन काढायचं परतीच्या पावसाला चुकवून. इथलं प्रत्येक काम पुढच्या काळाकडून उसनं घेतलेलं असतं.

मूळ मंत्र आधी ऐक. अंदाज हा आज काय करायचं ते ठरवण्यासाठी असतो. म्हणून कुणीही काही सांगितलं की स्वतःला दोन प्रश्न विचार. हे खरं झालं तर मी काय करणार? खोटं झालं तर काय करणार? दोन्हींचं उत्तर एकच असेल तर त्या अंदाजाच्या मागं जीव जाळू नकोस. उत्तरं वेगळी असतील तिथंच डोकं लाव.

कुठं, कधी, किती

आपल्या भागात भविष्य ऐकण्याची जुनी परंपरा आहे. निपाणीजवळच्या आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत भाकणूक होते. हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक होते. हजारो माणसं भंडाऱ्यात न्हाऊन ती ऐकतात. मी श्रद्धेनं ऐकत आलो, तूही ऐक. तिथून सावधपण घ्यायचं, उमेद घ्यायची. रोगराई, टंचाई, भांडणतंटा यांची आठवण माणसाला वर्षातून एकदा कुणीतरी करून द्यावीच लागते. पण बियाण्याच्या पिशव्या किती आणायच्या, हे त्यावरून ठरवायचं नाही. भाकणुकीत तारीख नसते, मिलिमीटर नसतात, आपला गट नंबर नसतो.

पंचांगाचंही तसंच नीट वाटून घे. नक्षत्रं हे सूर्याचं कॅलेंडर आहे आणि ते पक्कं आहे. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला. पुनर्वसूचा तरणा पाऊस जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो, पुष्याचा म्हातारा पाऊस १९-२० जुलैला. तेरा-चौदा दिवसांचा एकेक टप्पा असल्यामुळं कामाची आखणी नक्षत्रावर करणं सोयीचं पडतं आणि जुन्या माणसांशी बोलताना तीच भाषा चालते. नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की गाढव, त्यावर मात्र पेरा ठरवू नकोस.

सांगणारा कुणीही असो, कुठं, कधी आणि किती या तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळत असेल तरच त्यावर काम ठरव. एकाचंही उत्तर नसेल तर ऐकून घे, मान दे, आणि आपलं काम आपल्या हिशेबानं कर.

प्रत्येक खुणेचा पल्ला ओळख

निसर्गाच्या खुणा खोट्या नसतात, पण प्रत्येकीचा पल्ला वेगळा असतो. तो ओळखला नाही की माणूस खुणेला दोष देत बसतो.

वळवाच्या दिवसांत दुपारी ढग दाटले आणि अचानक गार वाऱ्याचा झोत अंगावर आला, की पाऊस जवळ कुठंतरी पडतो आहे. ही खूण मिनिटांची आहे. वैरण झाक, झाडाखालून बाहेर ये, जनावरं गोठ्यात घे. मुंग्या अंडी तोंडात धरून उंचावर निघाल्या, तर ती फार तर काही तासांची खूण. चंद्राला मोठं खळं पडलं तर आभाळात खूप उंचावर बर्फकणांचे पातळ ढग आले आहेत असं समज, आणि एक-दोन दिवसांत हवा बदलू शकते असं धरून चाल. बहावा फुलला की दीड महिन्यानं पाऊस, असं म्हणतात. त्यावर तारीख लिहू नकोस, पण बहावा दिसला की बांध, चर आणि शाकारणीच्या कामाला लाग.

मिनिटांची खूण हंगामाला लावायची नाही आणि हंगामाचा अंदाज उद्याच्या फवारणीला लावायचा नाही. अंदाज चुकला म्हणून जी ओरड होते, तिच्यात हीच गफलत फार वेळा सापडते.

हवामान खात्याचं म्हणणं नीट वाच

खातं एप्रिलच्या मध्याला मोसमी पावसाचा पहिला अंदाज देतं आणि मेअखेर तो सुधारतं. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सर्वसाधारण. हा आकडा सगळ्या देशाचा आहे. गगनबावड्याचा पाऊस आणि शिरोळचा पाऊस यांत एकाच जिल्ह्यात कैक पटींचा फरक पडतो, मग देशाच्या आकड्यावरून आपल्या वावराचं काय ठरवणार? दूरचा अंदाज किती चुकू शकतो ते २००९ सालात बघ. एप्रिलमध्ये ९६ टक्के सांगितले होते, प्रत्यक्षात ७८ टक्के पडला. म्हणून हंगामाचा अंदाज ऐकून वैरण, पाणी, उसनवारी यांत थोडी जास्त शिल्लक राखावी, इतकाच त्याचा उपयोग कर.

कामाचा अंदाज चार-पाच दिवसांचा. त्यातले शब्द मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या शंभरातल्या पंचवीस केंद्रांपर्यंत पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पंचवीस ते पन्नास. तुरळक म्हटलेलं असताना आपलं रान कोरडं राहिलं तर खातं चुकलं असं म्हणू नये. ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, ‘अतिमुसळधार’ ११५.६ च्या वर, आणि त्यापुढचा सगळ्यात मोठा टप्पा २०४.५ पासून. रंगांचंही ध्यानात ठेव. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. नारिंगीलाच कामं उरक, लाल होईपर्यंत थांबू नकोस. मोबाइलवर विजेसाठी ‘दामिनी’ आणि पिकाच्या सल्ल्यासाठी ‘मेघदूत’ ठेव.

आणि स्वतःचा पाऊस स्वतः मोज. सरळ उभ्या भिंतीचा डबा उघड्यावर, झाडापासून लांब ठेव आणि रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी पट्टीनं मोजून डबा रिकामा कर. खातंही याच वेळेला मोजतं, त्यामुळं तुझा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. शंभर मिलिमीटरचा इशारा आला तर एकरावर चार लाख लिटर पाणी येणार. ते जायला वाट आहे का, हे बघून चर मोकळे करायचे.

पेरणीची घाई आणि राखीव बी

भाताची धूळवाफ मेअखेर कोरड्या मातीत टाकतात. तिथं पाऊस येणार हे गृहीतच असतं. पण सोयाबीन-भुईमुगाला एका वळवावर भुलू नकोस. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर ओल गेली की मगच पेर. वरची माती ओली आणि खाली कोरडी असताना पेरलं आणि मध्ये उघडीप पडली, तर दुबार पेरणी ठरलेली.

सगळं रान एका दिवशी पेरू नकोस. चार-सहा दिवसांच्या अंतरानं दोन वेळा पेर, म्हणजे एक पेरा फसला तरी दुसरा सावरतो. थोडं बी कणगीत राखून ठेव. घरचं सोयाबीन असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळ, रोज पाणी शिंपड, आणि आठवड्यानं मोज. सत्तर उगवले तर बी चांगलं. कमी उगवले तर एकरी बी वाढव, फारच कमी असतील तर बदल. एवढा स्वस्त आणि एवढा भरवशाचा अंदाज शेतीत दुसरा नाही, आणि तरी कितीतरी लोक तो घेत नाहीत.

नदी दोन दिवस आधी बोलते

२००५, २०१९, २०२१. महापुराची ही तीन सालं पाठ कर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पण तो पंचगंगेचा आकडा. आपल्याला काळम्मावाडी आणि पाटगावकडं बघायला पाहिजे.

दूधगंगेवरचं काळम्मावाडीचं धरण सुमारे २५ टीएमसीचं, म्हणजे २५ अब्ज घनफुटांचं. वेदगंगेवरचं पाटगावचं सुमारे ३.७ टीएमसीचं, म्हणजे ते लवकर भरतं. एक हिशेब लक्षात ठेव. ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. धरणात रिकामी जागा दोन टीएमसी आणि येणारी आवक साडेअकरा हजार क्युसेक, तर दोन दिवसांत धरण काठोकाठ. मग विसर्ग वाढणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पेपरात रोज साठा आणि विसर्ग येतो. जुलै लागला की रोज तो वाचायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा.

दुसरी खूण बंधाऱ्यांची. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जायला लागले की त्याची यादी जाहीर होते. वरच्या अंगाचा कुठला बंधारा बुडाल्यावर आपल्या काठाला पाणी किती तासांनी चढतं, ते तू स्वतः लिहून ठेव. हा आकडा कुणाच्या पुस्तकात नाही, आणि तुझ्या शेताला तोच सगळ्यात जास्त उपयोगी आहे. नदीकाठची मोटार, स्टार्टर, पाइप वर ओढायला तुला किती तास लागतात तेही लिही. पाणी चढायला बारा तास आणि मोटार काढायला चार, तर आठव्या तासाची वाट बघू नकोस. रात्र मध्ये येते, माणसं मिळत नाहीत, दोर सापडत नाही. इशाऱ्याचा अर्धा वेळ हातात असतानाच काम संपव. आधी माणसं, मग जनावरं, मग यंत्रं. हा क्रम कधी उलटा करायचा नाही.

उसाचं वजन बांधावरून सांगू नकोस

बांधावर उभं राहून “एकरी ऐंशी टन जाईल” असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. बांधाकडच्या उसाला ऊन-वारा जास्त मिळतो, तो जाडच असतो. आत शिर.

साडेचार फुटी सरी असेल तर एका एकरात सरीची लांबी ९,६८० फूट भरते. आत पाच ठिकाणी दहा-दहा फूट सरी मोजून घे आणि गाळपाचे ऊस मोज. समज, दहा फुटांत सरासरी ४० ऊस आले. म्हणजे एकरात ३८,७२०. प्रत्येक ठिकाणचे दोन-तीन ऊस जमिनीलगत तोडून, वाढं काढून, वजन कर. सरासरी दीड किलो भरलं तर ५८ टन होतात. त्यातून नांग्या, पडलेला, उंदरानं खाल्लेला यासाठी दहावा हिस्सा वजा कर. बावन्न धर. को ८६०३२ असो, फुले २६५ असो की को ९२००५, रीत हीच. दोन महिन्यांनी पुन्हा मोज. सरकारसुद्धा पिकाची पैसेवारी एकदाच काढत नाही. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. नवी माहिती आली की आकडा बदलायचा, यात कमीपणा कसला?

तोड कधी येणार

हंगाम सुरू झाला की गावात एकच विषय असतो, तोड कधी? मौनीनगरचा आपला दूधगंगा-वेदगंगा कारखाना असो की दुसरा कुठला, क्रम लागणीच्या नोंदीवर चालतो. म्हणून लागण झाली की गट ऑफिसात नोंद वेळेत कर, तारीख आणि जात बरोबर लिहिली आहे का बघ.

मग भागाकार कर. समज, आपल्या गटात तुझ्या तारखेच्या आधीचं ३०० एकर आहे. एकरी ५० टन धरले तर १५,००० टन. गटातून रोज ५०० टन जातो, तर तुझी पाळी तिसाव्या दिवसानंतर. त्यात अवकाळी पाऊस, यंत्राचा बिघाड, मराठवाड्यातून येणाऱ्या टोळ्यांचं उशिरा येणं यासाठी आठवडा-दहा दिवस मिळव. दर आठवड्याला तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला विचारून हिशेब सुधार. पाणी कधी तोडायचं, खोडव्याचं खत कधी आणायचं, हे सगळं त्या तारखेवरून मागं मोजत ठरव.

उसाला तुरा आला असेल तर दीड-दोन महिन्यांच्या आत तो गेला पाहिजे, नंतर पोकळ पडून वजन आणि साखर दोन्ही घटतात. पक्वता बघायची तर ब्रिक्स मीटरनं बुडख्याची आणि शेंड्याकडची कांडी तपास. दोन्हींची गोडी जवळजवळ सारखी आली की ऊस तयार. हे आकडे घेऊन शेती विभागात गेलास तर तुझं म्हणणं नुसत्या तक्रारीपेक्षा जास्त ऐकलं जाईल.

पैशाचे तीन आकडे

दराचा अंदाज बांधताना माणूस आशेनं बांधतो. म्हणून हमखास, बहुधा आणि फार झालं तर, असे तीन आकडे काढ.

हमखास आकडा एफआरपीचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या रास्त आणि किफायतशीर दराचा. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, आणि त्यापुढं दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये होते. उतारा १२.२५ धरला तर ४२४.२० रुपये, म्हणजे टनाला ४,२४२. त्यातून तोडणी-वाहतूक जाणार. ती किती, हे मागच्या हंगामाच्या आपल्या कारखान्याच्या हिशेबावरून घे. त्यातून सोसायटीचं पीककर्ज वळतं होणार. हातात येईल तो आकडा खरा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे चौदा दिवसांत मिळायला पाहिजेत, पण हप्त्याची तारीख धरताना त्यावर महिनाभर मोकळा सोड.

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दराची मागणी होते, त्या मागणीनं आपल्या भागातल्या शेतकऱ्याला ताकद दिली आहे. ती मागणी पदरात पडली तर आनंदच. पण पोरांची फी, दवाखाना आणि कर्जाचा हप्ता हमखास आकड्यात बसव. घराची डागडुजी ‘बहुधा’च्या आकड्यावर ठेव. ‘फार झालं तर’च्या जिवावर कुणाला शब्द देऊ नकोस, नवं कर्ज तर मुळीच काढू नकोस.

वहीत आणे लिही

एक वही कर. जो अंदाज बांधशील तो तारखेसह लिही. काय होईल, कशावरून वाटतं, कधीपर्यंत, आणि खात्री किती आणे. सोळा आणे म्हणजे शंका नाही, आठ आणे म्हणजे होईल किंवा होणार नाही, बारा आणे म्हणजे चारातल्या तीन वेळा खरं ठरावं. मुदत संपली की समोर लिही, झालं की नाही.

वर्षाअखेर वही उघड. बारा आणे लिहिलेल्या गोष्टी चारातल्या तीन खऱ्या झाल्या असतील तर तुझा अंदाज बसला. निम्म्याच झाल्या असतील तर तू जास्त खात्रीनं बोलतोस, पुढच्या वर्षी दोन-तीन आणे उतर. हे लिहिलं नाही तर मन फक्त जमलेले अंदाज लक्षात ठेवतं आणि माणूस स्वतःला मोठा जाणकार समजायला लागतो. पाऊस, पूर, वजन, तोड, दर यांची पानं वेगळी ठेव. एखादा माणूस पावसात हुशार असतो आणि दरात कच्चा. आपण कशात कच्चे आहोत ते कळलं की तिथं दुसऱ्याला विचारता येतं.

दुसऱ्याला सांगताना

शेवटचा मंत्र सगळ्यात जड आहे. तुझे अंदाज जमायला लागले की लोक विचारायला येतील. “पाऊस येणार का?” असं कुणी सहज विचारल्यासारखं विचारेल, आणि तुझ्या उत्तरावर घरी जाऊन सोयाबीन कापायला माणसं सांगेल. कापलेलं सोयाबीन रानात पसरलेलं असताना परतीचा पाऊस आला तर शेंगांना कोंब फुटतात. नुकसान त्याचं होतं, बोल तुझे असतात.

म्हणून ‘येणार’ आणि ‘येईल असं वाटतं’ यांत फरक ठेवून बोल. कशावरून म्हणतोस ते सांग. किती आणे खात्री आहे ते सांग. गुरुवारपर्यंत की पुढच्या आठवड्यात ते सांग. माहीत नसेल तिथं माहीत नाही म्हण. घाबरवून सांगू नकोस आणि बरं वाटावं म्हणून गोड करून सांगू नकोस. पुराचं मात्र वेगळं. तिथं चार आणे शंका असली तरी काठावरच्या घराला उठव. विनाकारण उठवलं म्हणून कुणी रागावलं तर ते ऐकून घे.

आणि अंदाज बदलला, तर ज्याला आधी सांगितलं होतंस त्याला तू होऊन गाठ. फोन लागला नाही तर त्याच्या बांधावर जा आणि सांग, काका, काल मी उघडीप म्हणालो होतो, आज चित्र बदललं आहे, कापणी दोन दिवस थांबवा. एवढं करणाऱ्या माणसाचं सगळंच खरं होतं असं नाही. पण त्याच्या शब्दावर गाव आपलं काम ठरवू शकतं, आणि अंदाज बांधायला शिकायचं ते यासाठीच.